पोस्टाच्या तिकिटांची मिस्ट्री बॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकरोडची. आमच्या गल्लीत चार घरांतली माणसं प्रेसमध्ये, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, कामाला होती. त्यामुळे तिकिटं कुठे छापतात हे आम्हा पोरांना कुणी सांगावं लागलं नाही. गेली नऊ वर्षं मी ऑनलाइन, आत काय आहे ते न पाहता, वजनावर तिकिटं घेते. ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

मिस्ट्री बॅगेत नक्की काय येतं?

विक्रेता तिकिटं मोजून देत नाही, तोलून देतो. ५० ग्रॅम, १०० ग्रॅम, पाव किलो, किलो. इंग्रजीत याला किलोवेअर म्हणतात. वापरलेली, शिक्का पडलेली तिकिटं पिशवीत भरलेली असतात. काही वेळा एकाच देशाची, बहुतेकदा 'जगभरातली मिश्र' असं लिहिलेली.

ही पद्धत जुनी आहे. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांत पोस्ट खातं स्वतःच पार्सलच्या कार्डांवरची तिकिटं कापून, सीलबंद करून वजनावर विकायचं. पार्सलला पैसे जास्त पडत, त्यामुळे त्या कात्रणांत मोठ्या किमतीची तिकिटं भरपूर असत. युरोपातल्या धर्मादाय संस्था आणि मिशनही लोकांकडून पाकिटांवरची तिकिटं गोळा करून विकत. अशा मालाला अजून 'मिशन मिक्स्चर' म्हणतात आणि ऑनलाइन वर्णनात हा शब्द दिसला की मी थांबून वाचते.

न पाहता पैसे का द्यायचे? हवं ते तिकीट निवडून का घेऊ नये?

हवं ते ठरलेलं असेल तर निवडूनच घ्या. मालिकेतलं एखादं तिकीट राहिलं असेल तर पिशव्या धुंडाळत बसण्यात अर्थ नाही.

पण निवडून घ्यायला आपल्याला ते तिकीट आधी माहीत असावं लागतं. पिशवी माहीत नसलेलं समोर आणून ठेवते. मला नॉर्वेच्या पोस्टहॉर्न मालिकेची ओळख अशीच झाली. एका पिशवीत तुतारीसारख्या शिंगाचं चित्र असलेली अकरा तिकिटं निघाली, सगळी एका घरातली वाटावीत पण छपाई वेगवेगळी. शोधल्यावर कळलं की ही मालिका १८७२ पासून चालू आहे. मी ती कधीही मागवली नसती, कारण ती आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पिशवीतलं आश्चर्य विक्रेता घालत नाही. त्याने जे पाहिलं नाही आणि तुम्हाला जे ओळखता आलं, ते आश्चर्य. त्यामुळे दरवर्षी त्याच दराची पिशवी मला जास्त देते, कारण दरम्यान मी थोडं जास्त शिकलेली असते.

कागदावरची घ्यावी की सुटी?

कागदावरची. म्हणजे पाकिटाचा तुकडा मागे चिकटलेला असतो ती. वजनात कागदाचे पैसे जातात हे खरं, पण ही तिकिटं बहुधा कुणी चाळलेली नसतात. धुऊन सुटी केलेली तिकिटं एकदा तरी कुणाच्या नजरेखालून गेलेली असतात आणि चांगली तिकिटं तिथेच उचलली जातात.

वर्णनात 'न निवडलेली' असं लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला सरळ विचारा: माल कुठून आला? कुठल्या संस्थेकडून, ऑफिसच्या टपालातून की कुणाच्या संग्रहातून? ज्याला सांगता येतं तो सांगतो.

सुरुवातीला किती पैसे घालावेत?

सिनेमा बघून बाहेर काहीतरी खाऊन येतो, तेवढे. माझी पहिली पिशवी १०० ग्रॅमची, ४०० रुपयांची होती. कागदावरची ३८० तिकिटं निघाली आणि ती लावायला मला तीन आठवडे लागले. पाव किलोच्या वर पहिल्यांदा जाऊ नका. ढीग बघून दडपण येतं आणि पिशवी कपाटात पडून राहते.

एखादं लाखमोलाचं तिकीट सापडेल का?

त्या आशेवर घेऊ नका. अशा कथा खऱ्या आहेत. स्वीडनचं १८५५चं तीन स्किलिंगचं तिकीट हिरवं असायला हवं होतं, ते पिवळं छापलं गेलं. १८८०च्या दशकात ते एका शाळकरी मुलाला आजीच्या जुन्या कागदांत मिळालं आणि त्याने सात क्रोनरला विकलं. ब्रिटिश गयानाचं १८५६चं एक सेंटचं तिकीट १८७३ साली एका १२ वर्षांच्या मुलाला सापडलं, त्याने सहा शिलिंगला दिलं, आणि २०१४ साली तेच सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं. पण ही दोन्ही तिकिटं घरातल्या कागदांत मिळाली. व्यापाऱ्याच्या पिशवीत ती येत नाहीत.

आपल्याकडे लोक गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाबद्दल विचारतात. १५ ऑगस्ट १९४८ला निघालेल्या चार तिकिटांतलं ते सगळ्यात मोठ्या किमतीचं, स्वित्झर्लंडमध्ये छापलेलं. त्याच्या नकला फार आहेत. पिशवीवर 'आत गांधी दहा रुपये असू शकतं' असं लिहिलेलं दिसलं तर ती पिशवी सोडून द्या.

मग सुखद धक्के बसतात ते कसले?

या प्रश्नाचं उत्तर लांब होईल, कारण मी पिशव्या घेते त्या याचसाठी.

पंचम जॉर्जची तिकिटं जुन्या भारतीय मिश्रणात हमखास येतात. लहान, एकरंगी, राजाचा मुकुटधारी चेहरा. व्यापारी ती मूठभरून टाकतात. पण त्यातली आधीची लंडनला छापलेली आहेत आणि नंतरची नाशिकरोडला. १९२५ साली इथे प्रेस सुरू झाली आणि १९२६ पासून ही तिकिटं इथे निघू लागली. चेहरा तोच, किंमत तीच. फरक वॉटरमार्कमध्ये, म्हणजे कागदातच उमटवलेल्या पुसट खुणेत: लंडनच्या तिकिटावर एकच तारा, नाशिकच्या कागदात अनेक ताऱ्यांची नक्षी. ओलं तिकीट काळ्या ताटलीत पालथं ठेवलं की बऱ्याचदा ही खूण आपोआप दिसते. पहिल्यांदा ते तारे ताटलीत उमटले तेव्हा मी शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवलं. त्यांच्या सासऱ्यांनी प्रेसमध्ये तीस वर्षं काढली होती. काकू बराच वेळ भिंग धरून बसल्या. त्या तिकिटाची बाजारात किंमत चहाच्या कपाएवढीही नाही.

१५ ऑगस्ट १९४९ला स्वतंत्र भारताची पहिली मोठी नित्य मालिका, म्हणजे रोजच्या टपालासाठीची तिकिटं, आली, पुराणवास्तूंची. तीन पैवर अजिंठ्याचा हत्ती, नऊ पैवर घारापुरीची त्रिमूर्ती. एक आण्यावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती, पण चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं. चूक लक्षात आल्यावर १९५० साली सुलटं तिकीट काढलं. दोन्ही प्रकार स्वस्त मिश्रणात येतात, कारण दोन्ही भरपूर वापरले गेले. हाताची बाजू बघा. एका पिशवीतून दोन्ही निघाली आणि शेजारी शेजारी ठेवली की तेवढ्याने संध्याकाळ सार्थकी लागते.

१९७१च्या बांगलादेश निर्वासितांची आठवण तर जवळजवळ प्रत्येक भारतीय पिशवीत असते. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत बहुतेक टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. सुरुवातीला वेगळं तिकीट तयार नव्हतं, म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'शरणार्थी सहायता' असं वरून छापलं. नाशिकला छापलेलं सगळीकडे पोचेपर्यंत ठिकठिकाणच्या पोस्टांनी स्थानिक छापखान्यात, कुठे तर रबरी शिक्का करून ते काम भागवलं. त्यामुळे अक्षरांचे आकार आणि शाईचे रंग वेगवेगळे मिळतात. पन्नास सारखी दिसणारी तिकिटं चाळताना एकावर वाकडा जांभळा रबरी ठसा दिसतो आणि हात थांबतो. एक सूचना: असे ठसे नकली मारणं सोपं आहे, म्हणून ते अख्ख्या पाकिटावर किंवा तारखेच्या शिक्क्यासह असतील तरच त्यावर विश्वास टाका.

गोव्याची जुनी तिकिटं युरोपातून आलेल्या पिशव्यांत अधूनमधून डोकावतात. पोर्तुगीज सत्तेखाली १८७१ पासून १९६१ पर्यंत तिथली स्वतंत्र तिकिटं होती. त्यावरची किंमत आधी रेइसांत, मग रुपिया-टांगांत, १९५९ पासून एस्कुदो-सेंताव्होंत. १९५२ साली सेंट फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला ४०० वर्षं झाली तेव्हाची तिकिटं दिसायला फार देखणी आहेत. मडगावच्या एका ताईंना मी त्यातलं एक पाठवलं होतं. त्यांनी उलट टपाली कोकमं पाठवली.

जर्मनीची १९२३ची तिकिटं बघून मुलं थक्क होतात. महागाई इतकी भडकली की तिकिटांची किंमत हजारांतून लाखांत, कोटींत गेली. सगळ्यात मोठं ५० मिलियार्ड मार्कांचं, म्हणजे ५,००० कोटी. आधीच्या तिकिटांवरच नव्या किमती छापून वेळ मारून नेली. इतिहासाच्या पुस्तकातली एक ओळ हातात धरता येते.

तिकीट कुठल्या देशाचं ते कसं ओळखायचं?

नाव त्या देशाच्या भाषेत असतं. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, माग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, स्वेरिये म्हणजे स्वीडन, एअर म्हणजे आयर्लंड, श्किपेरिया म्हणजे आल्बानिया. चार रोमन अक्षरांसारखी सी-सी-सी-पी दिसली तर सोव्हिएत संघ. नावच नसेल आणि कोपऱ्यात राजा-राणीचं डोकं असेल तर ब्रिटन. जगातलं पहिलं चिकटतं तिकीट १८४० साली त्यांनीच काढलं, तेव्हा नाव घालायची गरज नव्हती, आणि ती प्रथा टिकली.

कागदावरून तिकीट कसं सोडवायचं?

ओढून कधीही नाही.

आधी लाल, जांभळे, गडद रंगाचे पाकिटाचे तुकडे बाजूला काढा. त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि बाकीची सगळी तिकिटं गुलाबी होतात. माझी ६० तिकिटं अशी गेली, त्यात ब्रिटनची व्हिक्टोरियाच्या काळातली दोन होती. बाकीचे तुकडे कोमट पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. तिकीट आपणहून सरकू लागतं. मागचा डिंक दुसऱ्या स्वच्छ पाण्यात बोटाने हलकेच धुवा, टीपकागदावर पालथं वाळवा, मग जाड पुस्तकात रात्रभर दाबा. हाताळायला सपाट टोकाचा चिमटा घ्या, बोटांचं तेल लागू देऊ नका.

आजकालची स्टिकरसारखी तिकिटं, विशेषतः अमेरिकेची, पाण्यात सुटत नाहीत. त्यांच्याभोवती तीन-चार मिलिमीटर कागद ठेवून सरळ कापा आणि तशीच लावा.

आणि शिक्का पूर्ण, स्वच्छ, वाचता येण्याजोगा असेल तर भिजवूच नका. तो तुकडा जसा आहे तसाच जपायचा.

पावसाळ्यात हे काम मी बंद ठेवते. तिकिटं नीट वाळत नाहीत, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात.

शिक्का मारलेलं तिकीट म्हणजे खराबच ना?

नाही. शिक्का म्हणजे ते तिकीट खरोखर प्रवास करून आल्याची खूण. चेहरा झाकणारा काळा धब्बा असेल तर गोष्ट वेगळी. पण गाव आणि तारीख वाचता येत असेल तर कित्येकदा तिकिटापेक्षा शिक्काच मौल्यवान. रेल्वेच्या टपाल डब्यातले शिक्के, बंद झालेल्या पोस्टांचे शिक्के गोळा करणारे लोक वेगळेच असतात आणि ते पिशवीतली बाकीची तिकिटं ढुंकूनही पाहत नाहीत. १९२३च्या जर्मन तिकिटांवर तर खरा शिक्का असेल तर किंमत कोऱ्यापेक्षा जास्त, आणि म्हणूनच तिथे खोटे शिक्केही आहेत.

उलट काही देश तिकीट छापतानाच शिक्का छापून संग्राहकांना विकत. एका कोपऱ्यात नीटस शिक्का आणि मागे डिंक शाबूत, अशी तिकिटं कधी टपालात गेलेली नसतात. आखातातल्या अजमान, फुजैरा, शारजा इथली साठ-सत्तरच्या दशकातली मोठमोठी रंगीत तिकिटं बरीचशी याच प्रकारची. मुलांना आवडतात, ठेवा, पण पिशवीत तीच भरलेली असतील तर पुन्हा त्या विक्रेत्याकडे जाऊ नका.

एकाच तिकिटाच्या पन्नास प्रती आल्या. फसले का मी?

बहुधा ब्रिटनच्या राणीची लहान तिकिटं असतील. १९६७ पासून निघालेली ही मालिका प्रत्येक पिशवीत असते. फेकू नका. रंगछटा, कागद, कडेच्या दातांची संख्या यांत एवढे प्रकार आहेत की लोक आयुष्यभर तेवढंच करतात. १९९३ पासून दोन्ही बाजूंच्या दातांत एक लंबगोल छिद्र आलं, नकला रोखण्यासाठी. आधी तेवढं बघून दोन ढीग करा. मग उजेडात रंगछटांप्रमाणे वेगळी करा. पन्नासमधून आठ-दहा वेगळी निघतील. उरलेली अदलाबदलीला. माझ्याकडचे अर्धे मित्र या जादा प्रतींमुळे मिळालेले आहेत.

परदेशातून मागवणं परवडतं का?

टपालखर्च मालाहून जास्त होऊ शकतो, म्हणून दोघा-तिघांनी मिळून मागवा. सीमाशुल्क लागू शकतं आणि ते पोस्टमन पार्सल देताना घेतो. विक्रेत्याला 'भेट' असं लिहायला सांगू नका. ते खोटं आहे, आणि भेटींना पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंत जी सूट होती ती डिसेंबर २०१९ पासून राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून उरलेलीही नाही.

माल वर्णनाप्रमाणे नसेल तर?

आत काय निघेल याची हमी नसते, पण जे लिहिलं तेवढं मिळायलाच हवं. 'कागदावरची, न निवडलेली, २५० ग्रॅम' लिहून सुटी १८० ग्रॅम पाठवली तर ती फसवणूक आहे. मला एकदा ओल्या, एकमेकांना चिकटलेल्या तिकिटांची पिशवी आली होती. पाकीट फोडताना व्हिडिओ काढलेला होता, म्हणून पैसे परत मिळाले. सील न तोडता आधी वजन करा, मग व्हिडिओ चालू ठेवून उघडा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

मुलांसाठी चांगलं आहे का?

सात-आठ वर्षांपुढच्या मुलाला एक पिशवी, एक चिमटा आणि जगाचा नकाशा द्या. दुसरं काही लागत नाही. सहावी ते नववीत असेल तर पोस्ट खात्याची दीनदयाळ स्पर्श शिष्यवृत्ती बघा. २०१७ पासून आहे, तिकिटसंग्रह करणाऱ्या मुलांना वर्षाला ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प असतो. पिशवीतल्या तिकिटांवर उत्तम प्रकल्प होतो, कारण प्रत्येकाची पिशवी निराळी.

आजवरची सगळ्यात आवडती पिशवी कोणती?

डेन्मार्कहून आलेली, मिशन मिक्स्चरची, पाव किलो. वर्णनात भारताचा उल्लेखही नव्हता. तिसऱ्या दिवशी ढिगातून पाकिटाचा एक पिवळट तुकडा हाती लागला. त्यावर दोन तिकिटं. एक भारताच्या नकाशाचं, नये पैशांचं. दुसरं महर्षी कर्व्यांचं, १८ एप्रिल १९५८ला त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाला निघालेलं. तिकिटावर आलेले ते पहिले हयात भारतीय. दोन्ही तिकिटांवरून जाणारा एक गोल शिक्का, आणि त्यात गावाचं नाव वाई.

वाई माझं आजोळ. तारखेतला महिना पुसट आहे, साल ५८ वाचता येतं. तेव्हा आई सहा वर्षांची होती आणि आजोबा रोज संध्याकाळी तिला घेऊन पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचे, असं ती सांगते. पत्र कुणी लिहिलं, डेन्मार्कला कुणाला लिहिलं, ते कळायला मार्ग नाही. साठ वर्षं तो तुकडा तिकडे कुठल्या तरी खोक्यात होता.

आईला दाखवला. तिने चष्मा लावून शिक्का वाचला आणि म्हणाली, हा गणपतीच्या घाटाजवळच्या पोस्टाचा असेल, दुसरं पोस्टच नव्हतं तेव्हा. मग तिने तो तुकडा उलटा करून पाकिटाच्या आतल्या बाजूचा कागद नाकाजवळ नेला. मी तो भिजवलेला नाही.